४३ सेकंदांचा बिघाड, २४ तासांची दुरुस्ती

‘दुरुस्ती’ हा शब्द या अंकाच्या दोन्ही विभागांतील वाचकांना सारखाच ओळखीचा आहे. मराठीत दुरुस्ती, कन्नडात दुरस्ती. दोन्ही भाषांनी तो फारसीतून घेतला. ‘दुरुस्त’ म्हणजे नीट, बरोबर, जसे असायला हवे तसे. पंखा दुरुस्त केला म्हणजे तो पुन्हा फिरू लागला. पण रोजकीर्दीतील चूक दुरुस्त केली असे आपण म्हणतो तेव्हा नुसते काही चालू झालेले नसते, जे खोटे लिहिले गेले होते ते खरे झालेले असते. एका शब्दाचे हे दोन अर्थ आहेत, आणि रोजच्या व्यवहारात त्यांचा घोटाळा होत नाही. संगणकाच्या जगात मात्र तो होतो. कसा होतो आणि काय किमतीला पडतो, ते प्रस्तुत लेखात सांगायचे आहे.

फोनवरून पैसे पाठवताना, रेल्वेचे तिकीट काढताना किंवा परीक्षेचा निकाल पाहताना आपल्याला वाटते की पलीकडे एक मोठा संगणक बसला आहे. तसे नसते. पलीकडे शेकडो, हजारो संगणकांचा समूह असतो. याला क्लस्टर म्हणतात. सगळ्यांनी मिळून एकच काम करायचे, आणि गिऱ्हाईकाला मात्र ते एकच दुकान वाटले पाहिजे, अशी ही व्यवस्था. आता साधे गणित करू. समजा, एक यंत्र सरासरी तीन वर्षांतून एकदा बिघडते. घरातल्या एका यंत्राला हे प्रमाण उत्तम. पण तशी हजार यंत्रे एकत्र ठेवली, तर जवळजवळ रोज एक यंत्र बिघडणार. म्हणजे मोठ्या समूहात बिघाड हा अपघात नव्हे, तो नित्याचा खर्च आहे, घसाऱ्यासारखा. रोज रात्री दोन वाजता माणसाला उठवून दुरुस्ती करणे परवडत नाही. म्हणून दुरुस्ती करणारी आज्ञावली लिहितात. ती पहारा देते, आणि एखादे यंत्र किंवा त्यावरचे काम बंद पडलेले दिसले की ठरवून दिलेली कृती आपोआप सुरू करते. अशा तयार आज्ञावलींचे संच मिळतात. संगणकवाले त्यांना लायब्ररी म्हणतात. आपल्या ग्रंथालयाशी त्यांचे साम्य एवढेच, की दुसऱ्याने लिहून ठेवलेले आपण न्यायचे आणि वापरायचे.

या विचाराचा एक जुना आणि सुरेख नमुना स्वीडनमधील एरिक्सन या टेलिफोन कंपनीत घडला. जो आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ पासून एर्लांग नावाची संगणकभाषा रचायला घेतली. टेलिफोन एक्सचेंज बंद ठेवून दुरुस्त करता येत नाही, ही त्यांची अडचण होती. त्यांनी काढलेला मार्ग ऐकायला विचित्र वाटतो. काम करणाऱ्या लहान लहान प्रक्रियांनी स्वतःची चूक स्वतः सावरत बसायचे नाही. चूक झाली की सरळ कोसळायचे. त्यांच्यावर एक ‘पर्यवेक्षक’ नेमलेला असतो. त्याला स्वतःला दुसरे काही काम नाही. हाताखालचा कोसळला की त्याच्या जागी नवा, कोरा उभा करायचा, एवढेच. भाषेबरोबर येणाऱ्या ओटीपी नावाच्या संचात हा पर्यवेक्षक तयार मिळतो. एक कोसळला तर फक्त त्यालाच बदलायचे, की सगळ्यांनाच नव्याने उभे करायचे, की त्याच्यानंतर सुरू झालेल्यांपुरतेच बदलायचे, हे आधी सांगून ठेवता येते. १९९८ मध्ये एरिक्सनने एर्लांग सर्वांना मोफत खुली केली, आणि २००३ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी याच विषयावर स्टॉकहोम येथे प्रबंध सादर केला.

मला त्यात सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. पर्यवेक्षकाला मर्यादा घालून दिलेली असते : इतक्या सेकंदांत इतक्या वेळांहून अधिक पुन्हा उभे करावे लागले, तर तू थांब. मग तो स्वतःही काम सोडतो आणि प्रश्न वरच्या पर्यवेक्षकाकडे जातो. पुन्हा पुन्हा तेच करून तेच घडत असेल तर आपला उपाय चुकीचा आहे, हे यंत्राला उमगत नाही. म्हणून ते मोजमाप आधीच लिहून ठेवायचे. दुकानातल्या एखाद्या नोकराला हे सांगून ठेवलेले असते तर कितीतरी नुकसान टळते!

आज हेच काम सर्वांत जास्त ठिकाणी करणारी प्रणाली म्हणजे कुबरनेटीस. गूगलने ती २०१४ मध्ये खुली केली. नाव ग्रीक आहे. अर्थ सुकाणू धरणारा. तसे सांगून ठेवले असेल तर ती कामाला ठरावीक वेळाने विचारते, ‘आहेस का?’ वेगळे काही सांगितले नसेल तर दर १० सेकंदांनी विचारते आणि लागोपाठ ३ वेळा उत्तर आले नाही तर ते काम बंद करून पुन्हा सुरू करते. पुन्हा कोसळले तर लगेच उठवत नाही : आधी १० सेकंद थांबते, मग २०, मग ४०, असे वाढवत ५ मिनिटांपर्यंत. शिवाय ती दुसराही एक प्रश्न विचारते, ‘गिऱ्हाईक घ्यायला तयार आहेस का?’ याचे उत्तर ‘नाही’ आले तर ती त्या कामाला मारत नाही, फक्त त्याच्याकडे नवीन गिऱ्हाईक पाठवत नाही. जिवंत असणे आणि तयार असणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बँकेतला रोखपाल काउंटरवर ‘बंद’ची पाटी ठेवून नोटा मोजत असतो, तेव्हा तो मेलेला नसतो, हे आपल्याला कळते. यंत्राला ते वेगळे सांगावे लागते.

इथपर्यंत सगळे सोपे आहे, कारण आतापर्यंतची उदाहरणे ‘विसरभोळ्या’ कामांची होती. कोसळलेल्या प्रक्रियेच्या डोक्यात जपून ठेवण्यासारखे काही नव्हते, म्हणून तिच्या जागी कोरी नवी चालली. वही सांभाळणाऱ्याचे काय? दिवाणजी आजारी पडला तर दुसरा दिवाणजी बसवता येतो, पण कोरी वही देऊन नव्हे.

समजा, खडेबाजारात एक कापडाचे दुकान आहे आणि शहापुरात त्याची शाखा. खरी वही खडेबाजारात. तिथला दिवाणजी प्रत्येक नोंद करतो आणि लगेच फोनवरून शाखेला सांगतो. शाखेचा दिवाणजी आपल्या वहीत ती उतरवून घेतो. त्याने स्वतःहून काही लिहायचे नाही, फक्त नक्कल ठेवायची. खडेबाजारात काही अनर्थ झाला तर नक्कल हीच खरी वही मानायची आणि शाखेने कारभार हाती घ्यायचा, असा करार. एके दिवशी फोन बंद पडतो. शाखेच्या दिवाणजीने काय समजावे? दुकान जळाले, की नुसती तार तुटली? त्याला दोन्हींत एकच गोष्ट ऐकू येते : शांतता. तो करार पाळून वही उघडतो आणि विक्री लिहू लागतो. इकडे खडेबाजारात दुकान व्यवस्थित चालू आहे, आणि तार तुटण्याच्या क्षणी लिहिलेल्या चार नोंदी शाखेला सांगायच्या राहून गेल्या आहेत. थोड्या वेळाने फोन सुरू होतो. आता दोन वह्या आहेत आणि प्रत्येकीत असे काही आहे जे दुसरीत नाही. यापैकी खरी कोणती?

हा प्रश्न काल्पनिक नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी तो गिटहब या कंपनीपुढे जसाच्या तसा उभा राहिला. जगभरचे प्रोग्रॅमर आपल्या आज्ञावली जिथे ठेवतात ती ही कंपनी. (वाणिज्य शाखेच्या वाचकांसाठी : मायक्रोसॉफ्टने ७.५ अब्ज डॉलरला ती विकत घेण्याचा करार त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर केला होता, आणि या घटनेनंतर पाचच दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, तो व्यवहार पुरा झाला.) कंपनीने ३० ऑक्टोबरला सगळ्या प्रकाराचा सविस्तर अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला. आपल्या घोटाळ्याची मिनिटा-मिनिटाची नोंद गिऱ्हाइकांपुढे ठेवणारी कंपनी विरळाच. पुढील माहिती त्याच प्रकरणाची आहे.

गिटहबवरच्या आज्ञावली स्वतः एका वेगळ्या पद्धतीने साठवलेल्या असतात. पण त्यांच्याभोवतीचा सगळा कारभार, म्हणजे कोणी कोणती तक्रार नोंदवली, कोणी कोणता बदल सुचवला, कोणाला प्रवेश आहे, हा मायएसक्यूएल नावाच्या माहितीकोशांत असे. या कोशांचे अनेक समूह होते. प्रत्येक समूहात एक मुख्य कोश, ज्यात लिहायचे, आणि त्याच्या अनेक प्रती. मुख्य कोश अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होते. प्रती पूर्वेलाही आणि पश्चिम किनाऱ्यावरही. म्हणजे आपले खडेबाजार आणि शहापूरच, फक्त मधले अंतर एका खंडाचे.

मुख्य कोश मेला तर कोणत्या प्रतीला बढती द्यायची, हे ठरवण्यासाठी ऑर्केस्ट्रेटर नावाची आज्ञावली नेमलेली होती. ती मूर्ख नाही, हे आधी सांगितले पाहिजे. मुख्य कोशाने उत्तर दिले नाही एवढ्यावर ती निर्णय घेत नाही. प्रतींनाही विचारते की तुम्हाला तरी तो दिसतो का. प्रतींनाही दिसत नसेल तरच त्याला मृत ठरवते. एकदा बढती दिली की त्याच समूहात ठरावीक काळ दुसरी बढती ती आपोआप देत नाही, म्हणजे घाईघाईने एकामागून एक राजे बसवले जात नाहीत. शिवाय ती स्वतः एकटी नसते. तिचे अनेक सदस्य वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असतात आणि बहुमत असल्याशिवाय हुकूम काढता येत नाही. बहुमताची ही पद्धत राफ्ट या नावाने ओळखली जाते. डिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहाऊट यांनी ती २०१४ मध्ये मांडली. आपण कंपनी कायद्यात गणपूर्ती शिकतो, पण हे त्याहून कडक आहे. सभेला ठरावीक सभासद आले की गणपूर्ती होते, मग ते एकूण सभासदांच्या मानाने कितीही थोडे असोत. इथे निम्म्याहून अधिक लागतात, म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी दोन सभा भरून दोन ठराव होणे शक्य नाही.

त्या दिवशी पूर्व किनाऱ्यावर नेहमीच्या देखभालीचे काम चालू होते. बिघडत चाललेले एक प्रकाशतंतूचे उपकरण बदलायचे होते. जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री १०.५२ वाजता, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे ४.२२ ला, या कामात पूर्वेचे मुख्य केंद्र बाकीच्या जाळ्यापासून तुटले. ४३ सेकंदांनी संपर्क पुन्हा जुळला. आपल्याकडे एवढ्या वेळात फोनवर ‘हॅलो, हॅलो’ म्हणून होते आणि कोणी मनावर घेत नाही.

पण ऑर्केस्ट्रेटरच्या हिशेबाने ४३ सेकंद पुष्कळ झाले. पूर्वेच्या केंद्रात बसलेला सदस्य तुटला. पश्चिमेचे सदस्य आणि पूर्वेलाच पण दुसऱ्या ठिकाणी, भाड्याच्या क्लाऊडमध्ये बसलेले सदस्य एकमेकांना दिसत होते. त्यांचे बहुमत झाले. त्यांनी रीतसर ठराव केला की मुख्य कोश गेले, पश्चिमेच्या प्रतींना बढती द्यावी. नियमाचा भंग कुठेही झाला नाही. संपर्क परत आला तेव्हा सगळा कारभार पश्चिमेच्या नव्या मुख्य कोशांत लिहू लागला होता. आणि पूर्वेच्या कोशांत तुटण्याच्या वेळच्या थोड्या नोंदी अशा होत्या, ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या.

दोन मिनिटांत धोक्याचे इशारे वाजू लागले. रात्री ११.०२ पर्यंत अभियंत्यांच्या ध्यानात आले की अनेक समूहांची रचनाच बदललेली आहे. ऑर्केस्ट्रेटरला विचारले तर ते फक्त पश्चिमेची यंत्रे दाखवत होते. माणसे कामाला लागून काय झाले ते उलगडेपर्यंत पश्चिमेच्या वहीत जवळजवळ ४० मिनिटांचा व्यवहार लिहून झाला होता.

इथे वाचकाने क्षणभर स्वतःला त्या अभियंत्यांच्या जागी ठेवून पाहावे. पूर्वेची वही खरी मानली, तर ४० मिनिटांत जगभर लोकांनी केलेले काम पुसले जाते. पश्चिमेची खरी मानली, तर पूर्वेच्या त्या थोड्या नोंदी तूर्त बाजूला पडतात, आणि शिवाय कामही धड चालत नाही. कारण बाकीची यंत्रणा पूर्वेलाच होती आणि प्रत्येक नोंदीसाठी तिला खंड ओलांडून जाऊन यावे लागत होते. तिसरा मार्ग लांबचा होता. लोकांची गैरसोय सोसायची, पश्चिमेची वही कायम धरायची, पूर्वेचे कोश साठवलेल्या राखीव प्रतींवरून नव्याने उभे करायचे, त्यांना पश्चिमेच्या बरोबरीला आणायचे, मग कारभार परत न्यायचा. पूर्वेच्या सुटलेल्या नोंदी वेगळ्या काढून नंतर तपासायच्या. त्यांनी हा तिसरा मार्ग घेतला. माहितीची खरेपणा आधी, सोय नंतर, असे त्यांनी ठरवले आणि तसे सांगितलेही.

राखीव प्रती दर चार तासांनी घेतल्या जात असत, पण त्या दूर, भाड्याच्या कोठारात होत्या. कित्येक टेराबाइट माहिती तिथून आणण्यातच तास गेले. त्या काळात इतर यंत्रणांना निरोप पाठवण्याचे काम आणि संकेतस्थळे बांधून देण्याचे काम कंपनीने मुद्दाम थांबवून ठेवले. ५० लाखांहून अधिक निरोप आणि ८० हजार बांधणीची कामे रांगेत साचली. दुसऱ्या दिवशी रात्री ११.०३ ला सगळे पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. एकूण २४ तास ११ मिनिटे. आपल्याकडील प्रोग्रॅमरांचा सोमवारचा सबंध दिवस त्यात गेला.

या प्रकरणात यंत्राला दोष देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. पण ऑर्केस्ट्रेटरने सांगितल्याप्रमाणेच केले, हे कंपनीच्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे. एका किनाऱ्यावरच्या एका यंत्राच्या जागी त्याच किनाऱ्यावरचे दुसरे बसवणे आणि सगळा कारभार खंडापलीकडे नेणे, या दोन कृतींना एकच परवाना दिलेला होता. व्यापारी पेढीत असे होत नाही. किरकोळ खर्च रोखपाल स्वतःच्या अधिकारात करतो; पाच हजारांवर मालकाची सही लागते; मिळकत विकायची तर सगळ्या भागीदारांची. रक्कम वाढते तसा सहीचा अधिकार वर सरकतो. यंत्राला अधिकार देताना हा साधा कोष्टक मांडायचा राहून गेला होता. घटनेनंतर कंपनीने पहिली उपाययोजना नेमकी तीच जाहीर केली : मुख्य कोशाची बढती प्रदेशाची सीमा ओलांडून आपोआप होऊ नये, अशी ऑर्केस्ट्रेटरची मांडणी बदलायची. एका प्रदेशाच्या आतली आपोआप दुरुस्ती पूर्वीसारखीच राहिली, आणि राहायलाच हवी; तिथे ती बहुधा सुरक्षित असते.

समूहांच्या शास्त्रात दुसराही एक उपाय आहे, आणि तो क्रूर वाटला तरी तर्काला धरून आहे. शाखेने कारभार घेण्यापूर्वी खडेबाजारचा दिवाणजी खरोखरच लिहीत नाही याची खात्री करायची. ती विचारून होत नसेल, तर त्याची वीज तोडून करायची. पेसमेकरसारख्या प्रणालींत ही सोय असते. ज्याच्याविषयी शंका आहे त्या यंत्राचा वीजपुरवठा दुसऱ्या वाटेने बंद करायचा, आणि तो बंद झाल्याची पोच मिळाल्यावरच नव्याला मुख्य करायचे. पोच मिळाली नाही तर थांबायचे. काही काळ कोणीच लिहीत नाही, गिऱ्हाईक ताटकळते, पण दोन वह्या होत नाहीत.

माझे मत विचाराल तर, ज्या सेवेत वही आहे तिथे ४३ सेकंदच काय, पाच मिनिटे दुकान बंद राहिलेले बरे. याला उलट बाजू आहे, हे मान्य. टेलिफोन एक्सचेंजला पाच मिनिटांची शांतता परवडत नाही, आणि रुग्णालयातल्या यंत्राला तर नाहीच. पण जमाखर्चाच्या पुस्तकात ‘चुकांची दुरुस्ती’ असे एक सबंध प्रकरण असते, आणि त्यातला नियम आपण सर्वांनी घोकलेला आहे : चुकलेली नोंद खोडायची नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद लिहायची, म्हणजे काय चुकले आणि केव्हा सुधारले ते दोन्ही दिसत राहते. पंखा फिरू लागला म्हणजे हे काम झाले असे नव्हे.

गिटहबमध्ये यंत्रे पूर्ववत चालू झाल्यावर नेमके हेच काम उरले होते. पूर्वेच्या कोशांतील सुटलेल्या नोंदी नोंदवहीतून वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्यांची संख्या फार नव्हती. सर्वांत गजबजलेल्या समूहांपैकी एकात त्या ९५४ निघाल्या. आपण बँक जुळवणी पत्रक करतो तशी एकेक नोंद पश्चिमेच्या वहीशी ताडून पाहायची होती. ज्यांच्यावर नंतर काही लिहिले गेले नव्हते त्या सरळ जमा करता येण्यासारख्या होत्या. उरलेल्यांपैकी काहींसाठी ज्या गिऱ्हाईकाची नोंद, त्यालाच विचारावे लागेल, असे अहवालाच्या दिवशी, म्हणजे नऊ दिवसांनंतरही, कंपनी सांगत होती.